कावळ्यानं मंजूर केलेलं औषध

५ डिसेंबर २०२५

आज प्रतिभाचा, माझ्या बायकोचा, दहावा झाला. सकाळी उज्जैनच्या राम घाटावर धुकं होतं. आमच्या मुलानं, आल्हादनं, पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळे पलीकडच्या देवळाच्या कठड्यावर ओळीनं बसले होते. एकही खाली येईना.

मग नेहमीचं सुरू झालं. आल्हाद म्हणाला, "आई, बाबांना मी एकटं पडू देणार नाही." कावळा आला नाही. जयूआत्या म्हणाल्या, "पोरी, तुझ्या तुळशीला रोज पाणी पडेल." तरी नाही. जयूआत्या म्हणजे प्रतिभाची सख्खी आत्या. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, पण कावळ्यांवर तो चालला नाही. गुरुजी दुसऱ्या यजमानाकडे बघत होते. त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात प्रतिभाचा धाकटा भाऊ दत्तात्रय पुढे झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "ताई, तुझं वेलदोड्याचं औषध मी घरोघरी पोचवीन. वचन देतो."

कावळा लगेच उतरला.

सगळे रडले. मीही रडलो. पण मी एक पाहिलं ते लिहून ठेवतो. पिंडांच्या पलीकडे एक काळं कुत्रं बसलेलं होतं. दत्ता पुढे गेला तसं ते उठलं आणि पायऱ्या चढून निघून गेलं. कावळा त्यानंतर उतरला.

तिथे बोललो नाही. मी बोलणारा माणूस नाही. नोकरी नापतौल खात्यात झाली. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर नाही. बोलण्याची फारशी गरज पडली नाही.

वेलदोड्याचं औषध म्हणजे काय, तर प्रतिभा वर्षभर वेलदोड्याचं चूर्ण सकाळ-संध्याकाळ घेत होती. बीपीसाठी. दत्तानं सांगितलेलं. गोळीच्या जोडीला घेते असं मी समजत होतो. जेवणानंतर माझ्या ताटाशीही एक वेलदोडा ठेवायची. मी तो तोंडात टाकायचो आणि पेपर उघडायचो.

८ डिसेंबर

तेरावा. माणसं जेवून गेली. वासंती, म्हणजे दत्ताची बायको, भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुम्हाला माहीत असेलच, ताईंनी दसऱ्यापासून गोळी बंद केली होती."

मला माहीत नव्हतं. झटका आला त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "दवाई बंद तो नहीं की थी?" मी ठामपणे नाही सांगितलं होतं.

"दत्तानं बंद करायला लावली?"

"लावली असं नाही हो. बीपी उतरलेलं आलं दोनदा. हे म्हणाले, ताई, इलायचीनं काम केलं, आता त्या गोळीची काय गरज."

वासंती एवढं बोलून पुन्हा भांड्यांकडे वळली. तिला वाटलं असेल मी काही म्हणेन. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. दत्ता तिथे पाहुण्यांना चूर्णाचा डबा दाखवत होता. स्वतःही चिमूटभर तोंडात टाकलं आणि म्हणाला, "संक्रांतीला घाटावर वाटणार. ताईच्या नावानं. फुकट."

त्याला तिथेच धरून हलवावं असं वाटलं. हे मी कुणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहितो.

११ डिसेंबर

आल्हाद बंगळुरूला परत गेला. जाताना म्हणाला, "बाबा, मामाला करू द्या ना जे करायचंय ते. त्याचंही दुःख आहे."

त्याचं दुःख त्यानं आपल्या घरी करावं.

१६ डिसेंबर

दत्ता पाकिटाचा नमुना घेऊन आला. नानाखेड्याच्या घरून स्कूटरवर आला आणि वर न येता पायरीवरच बसला. मान चोळत होता. म्हणाला, "थंडीनं आखडलीय." मला वाटलं, माझ्याकडे बघायचं टाळतोय.

हिरवं पाकीट आहे. वर प्रतिभाचा फोटो, आल्हादच्या लग्नातला. त्या फोटोत ती मला तिच्यासारखी वाटत नाही. नाव 'प्रतिभा चूर्ण'. खाली हिंदीत: 'बीपी की गोली को कहें नमस्ते.'

मी म्हणालो, "हे छापायचं नाही."

"जिजाजी, अहो छापायला दिलंयसुद्धा. देवास गेटला. संक्रांतीच्या आधी हातात."

"तिचं नाव काढ."

"नाव काढून कसं चालेल? वचन तिला दिलंय. तिनं घेतलंय. तुम्ही होतात ना तिथे?"

"कुत्रं उठलं म्हणून कावळा आला."

तो हसला, पण चांगलं हसला नाही. "तुम्ही उमरभर किराणेवाल्यांच्या तराजूत खोट शोधत फिरलात. आता देवाच्या तराजूत शोधायला निघालात."

"देवाचा असेल तर तपासून घ्यायला त्याची हरकत नसावी."

उठताना त्यानं कठड्याचा आधार घेतला. नमुना इथेच राहिला. मी तो फाडणार होतो, पण फोटो तिचा आहे.

१८ डिसेंबर

देवास गेटला जाऊन आलो. प्रेसवाला ओळखीचा निघाला. त्याच्या भावाच्या दुकानातला काटा मी कधी काळी जप्त केला होता. म्हणाला, "बाबूजी, माल तो छप गया. और इसमें गलत क्या है? इलायची ही तो है, ज़हर थोड़े है."

त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. मला नक्की माहीत तरी काय आहे? दत्ता म्हणतो उपयोग होतो, मी म्हणतो होत नाही. दोघांनीही मोजलेलं नाही.

भार्गवीला फोन केला. ही दत्ताचीच मुलगी. इंदूरला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला म्हणालो, वेलदोड्यावर जे काही संशोधन झालंय ते पाठव. बाजूनं असो की विरुद्ध, सगळं पाठव. ती म्हणाली, "पाठवते काका. बाबांना सांगू नका." मग विचारलं, "बाबा आले होते ना तुमच्याकडे? कसे दिसत होते?"

"कसा दिसणार? दत्तासारखा."

"चेहरा वगैरे?"

"तुझं लक्ष अभ्यासात असू दे," म्हणालो.

२३ डिसेंबर

भार्गवीनं पाठवलेलं सगळं वाचलं. शब्दकोश घेऊन बसावं लागलं. जे समजलं ते असं.

एक प्रयोग राजस्थानातला. नुकतंच बीपी निघालेली वीस माणसं. रोज तीन ग्रॅम वेलदोडा, बारा आठवडे. दाब खरोखर उतरला. हाच प्रयोग दत्ताच्या मोबाइलवर फिरत असणार. पण वेलदोडा न घेणारी दुसरी माणसं शेजारी ठेवून बघितलेलं नाही. म्हणजे एकाच पारड्यात माल ठेवून सांगितलेलं वजन. दाब आपोआपही उतरतो. माणूस मीठ कमी करतो, फिरायला लागतो, मशीनची भीती जाते.

नंतर इतरांनी दोन पारडी ठेवून मोजलं. काहींना काहीच फरक दिसला नाही. सगळ्यांचे आकडे एकत्र करून बघितले तर उतार आहे, पण जेमतेम एका अंकाचा, फार तर दोन अंकांचा. अंगातली सूज कमी होण्याच्या काही खुणा आहेत. मळमळीवर थोडा उपयोग आहे. तोंडाला आणि पचनाला तर आपल्याकडे पूर्वीपासूनच देतात.

म्हणजे वेलदोडा खोटा नाही. हे लिहायला मला आवडलेलं नाही, पण तसं आहे.

आणि वर्षानुवर्षं गोळी चालू असलेल्या माणसानं ती सोडून वेलदोड्यावर राहावं, असं कुणी करून बघितल्याचं भार्गवीला कुठेच सापडलं नाही. पाकिटावर मात्र नेमकं तेच छापलंय.

२८ डिसेंबर

जयूआत्यांकडे सगळ्यांना बोलावणं होतं. मी कागद घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा सासरच्या माणसांपुढे उभं राहून बोललो. वीस माणसं सांगितली, दोन पारडी सांगितली, अंक-दोन अंक सांगितले. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "श्रीनाथराव, हे सगळं गोऱ्या लोकांचं. आपलं हजारो वर्षांचं आहे."

"आत्या, राजस्थानातले लोक गोरे नाहीत. आणि हजारो वर्षांपूर्वी बीपी मोजलं कुणी?"

कुणीतरी हसलं. दत्ता उभा राहिला. चेहरा लालबुंद झाला होता. "सरळ बोला ना जिजाजी! घुमवून कशाला बोलता?"

"सरळच बोलतोय. वेलदोडा वाट. गोळी सोडा असं लिहू नकोस, आणि तिचं नाव घालू नकोस."

"मग वचनाचं काय?"

आत्या म्हणाल्या, "कावळा शिवलाय. आता मोडलं तर ती अडकेल. तुम्हाला चालेल का ते?"

मी कागद गोळा केले. दत्ता मटकन खाली बसला होता, कपाळ दाबत. वासंती पाणी घेऊन धावली. एवढा राग बरा नव्हे, असं माझ्या मनात आलं. थोडं बरंही वाटलं. हे खोटं कशाला लिहू.

४ जानेवारी २०२६

वासंतीचा फोन आला. "हे रात्री झोपत नाहीत. डोकं धरून बसतात. तुम्ही जरा येऊन बोलाल का?"

मी म्हणालो, "ज्यानं केलं त्याला झोप येणार नाहीच."

तिनं फोन ठेवला. प्रतिभा असती तर म्हणाली असती, एवढ्या मोजक्या शब्दांत इतकं लागेल असं कसं काय बोलता हो तुम्ही.

९ जानेवारी

आज स्वयंपाकघर आवरायला काढलं. तिचा वेलदोड्याचा डबा अर्धा भरलेला आहे. उघडला आणि लगेच बंद केला. फेकला नाही. त्या बिचाऱ्या दाण्यांनी काही केलेलं नाही.

१२ जानेवारी

भार्गवी संक्रांतीच्या सुट्टीला घरी आली आहे. ती दुपारी एकटीच माझ्याकडे आली. बसली नाही.

"काका, बाबांचं बीपी मोजलं. वरचं एकशे ब्याण्णव."

"मशीन तपासलंस?"

"तीनदा. स्वतःवर, आईवर, मग परत बाबांवर." मग ती रडायला लागली. "त्यांनीही स्वतःची बीपीची गोळी सोडलीय. प्रतिभाआत्या गेली त्या आठवड्यातच. ताईनं जे घेतलं तेच मी घेणार म्हणतात. मला काही झालं नाही की सगळ्यांची तोंडं बंद होतील. डॉक्टरकडे चला म्हटलं तर पाकिटं मोजत बसले."

मी खुर्चीवर बसलो. मान आखडलेली, कठड्याचा आधार, लाल चेहरा, मटकन बसणं. सगळं माझ्यासमोर झालं. काट्यात दडवलेलं शिशाचं वजन मला दारातून ओळखू यायचं, आणि हे डोळ्यांपुढे होतं. मी त्याला राग समजलो. कारण मला तेच हवं होतं.

भार्गवीला म्हणालो, "तू मला आधीच का नाही सांगितलंस?"

"विचारलं होतं काका. दिसतात कसे म्हणून."

१३ जानेवारी

नानाखेड्याला गेलो. दत्तानं दार उघडलं आणि मला बघून परत लावलं. आतून म्हणाला, "उद्या घाटावर या. ताईचं काम बघा."

वासंती खिडकीतून हात जोडत होती.

दिवसभर एकच विचार केला. मी मनात म्हणत आलो की दत्तानं तिला मारलं. हे मी कशावरून म्हणतो? तिनं गोळी सोडली आणि नंतर ती गेली. दत्ता म्हणतो, वचन दिलं आणि नंतर कावळा आला. त्याच्या म्हणण्यात आणि माझ्या म्हणण्यात फरक काय? गोळी घेतानाही माणसांना झटका येतो. गोळीनं धोका कमी होतो, संपत नाही. ती गोळी घेत राहिली असती तर काय झालं असतं, हे मोजायला दुसरी प्रतिभा नाही.

दुसऱ्यांचे काटे तपासत आलो. हा माझा. पारडी रिकामी असतानाच तो एका बाजूला झुकलेला होता.

१४ जानेवारी, संक्रांत

सविस्तर लिहितो.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. दत्तानं टेबल मांडलं होतं, वर प्रतिभाचा हार घातलेला फोटो. पाकिटं टोपल्यांत. जयूआत्या खुर्चीवर, शाल पांघरून. बाहेरगावचे लोक स्नान करून ओल्या कपड्यांत येत होते आणि हात पुढे करत होते. एका म्हाताऱ्यानं पाकीट डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "भैया, इससे गोली छूट जाएगी?"

दत्ता म्हणाला, "बिल्कुल."

मी टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. म्हाताऱ्याच्या हातातलं पाकीट घेतलं आणि म्हणालो, "नहीं छूटेगी. गोली मत छोड़ना, दादा. इलायची चाय में डाल लेना."

"जिजाजी, तमाशा करू नका!"

"करणार. आज करणार."

लोक थांबले. तमाशा म्हटलं की उज्जैनमध्ये लोक स्नानही विसरतात. दत्ता टेबलाच्या या बाजूला आला. त्याचे डोळे लाल होते आणि ओठाच्या कडेला चूर्ण लागलेलं होतं.

"एकदाच बोला. तोंडावर बोला. तुमच्या मनात हेच आहे ना, की मी ताईला मारलं?"

"हो. मनात आहे. रोज असतं."

आत्या म्हणाल्या, "शिव शिव."

"पण पुरावा नाही," मी म्हणालो. "मी काल दिवसभर शोधला. एका माणसावरून काही ठरत नाही, दत्ता. तुझ्यामुळे गेली असं मला सिद्ध करता येत नाही. तुझ्यामुळे नाही, हे तुला सिद्ध करता येणार नाही. आणि तू जे चालवलंयस ना, गोळी सोडून, जगून दाखवतो म्हणून? जगलास तरी काही सिद्ध होत नाही. मेलास तरी होत नाही. नुसता मरशील."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बीपी सांगतं. चेहऱ्यावर लिहिलंय."

भार्गवी त्याच्या मागे उभी होती. त्यानं वळून तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाला, आणि हे त्यानं अगदी हळू म्हटलं, "वेलदोडा चुकीचा असेल तर मग मी काय करू, जिजाजी? सांगा ना. मी कुठे जाऊ?"

मी म्हणालो, "आधी डॉक्टरकडे. मग बघू."

"आणि वचन?"

इथे आत्या खुर्चीतून उठल्या. "वचन सुटत नाही. त्यानं दिलंय, तिनं घेतलंय. मोडलं तर पोरीला गती नाही."

बाजूला आमचेच गुरुजी होते. मी त्यांना म्हणालो, "दुसऱ्यानं दिलेलं वचन आपल्या अंगावर घेऊन मोडायचा काही विधी आहे का?"

गुरुजी म्हणाले, "असा विधी ऐकिवात नाही, श्रीनाथराव."

"नसेल तर नसू दे."

चपला काढल्या आणि शिप्रेत उतरलो. पाणी बर्फासारखं होतं. ओंजळीत घेतलं. मंत्र येत नव्हता म्हणून सरळ मराठीत म्हणालो, एवढ्या मोठ्यानं की माझाच आवाज मला ओळखू येईना: "दत्तात्रयानं दिलेलं वचन मी, प्रतिभाचा नवरा श्रीनाथ, मोडतो. दत्ता मोकळा आहे. दोष माझा. जे काय व्हायचं ते मला होऊ दे." आणि पाणी सोडलं.

वर आलो तर आत्या तोंड फिरवून बसल्या होत्या. दत्ता शेवटच्या पायरीवर बसला होता आणि हमसून रडत होता, लोकांदेखत. दहाव्यालाही तो असा रडला नव्हता. भार्गवीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. रिक्षात बसवेपर्यंत तो एकच म्हणत होता, "जिजाजी, तुमचे पाय ओले आहेत. पाय पुसा."

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलंय.

२० जानेवारी

दत्ता आता घरी आहे. गोळी चालू. दाब उतरतो आहे. वासंती म्हणाली, गोळी घेऊन तोंड उघडून दाखवायला लावते, तर चिडतो. "नापतौलवाल्याला फोन करून सांग, माल पोटात गेला म्हणून."

पाकिटं भार्गवी आणि मी फोडली. चूर्ण मंदिराच्या अन्नक्षेत्राला खिरीत घालायला दिलं. त्यांना फार आवडलं. फोटो कापून वेगळे काढले. त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

२३ जानेवारी

आत्यांच्या नातवाच्या मुंजीचं आमंत्रण सगळ्यांना गेलं. मला आलं नाही. दत्ता म्हणाला, "मीही जात नाही." मी म्हणालो, "तू जा. मोडणारा मी आहे."

२९ जानेवारी

सकाळी जयूआत्यांचा फोन आला. घाटानंतर पहिल्यांदाच. आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता.

"श्रीनाथराव, प्रतिभा स्वप्नात आली होती."

मी खुर्ची ओढून बसलो.

"सुटले नाही म्हणाली. अडकलेय म्हणाली. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"कुठे अडकलीय, ते बोलली?"

"नाही. नुसती उभी होती."

"साडी कुठली होती?"

"हे काय विचारणं झालं?"

"विचारतोय."

आत्यांनी आठवून सांगितलं, "निळी. सुती."

ती घरातली साडी. बाहेर जाताना ती नेसत नसे.

"आत्या," मी म्हणालो, "परत आली तर माझा निरोप सांगा. सुटायची घाई नाही म्हणावं. अडकायचंच असेल तर इथे घरी ये. मी जागचा हलणार नाही."

आत्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.